आईच्या पोटासाठी

प्रिय धाकट्या,

पत्र बघून घाबरू नकोस, आई आहे. पण नुसती आहे. पायाची जखम साखरेमुळे चिघळली, अँटिबायोटिक्सनी ती भरली आणि पोटाचं मात्र वाटोळं झालं. औषध चालू असेतो जुलाब थांबतात, संपलं की पुन्हा सुरू. अंगात पाणी राहत नाही तिच्या. मी चादरी धुते, बेकरीत जाऊन पीठ मळते, घरी येऊन पुन्हा चादरी धुते. जीव मेटाकुटीला आलाय रे. परवा तिच्यावर खेकसले आणि मग न्हाणीघरात नळ सोडून रडले.

डॉक्टरीणबाई भल्या आहेत. म्हणाल्या, आतड्यात जंतूंची अख्खी वस्ती असते, औषधानं वाइटांबरोबर चांगलेही गेले. त्या चांगल्यांना चोथा लागतो, कडधान्यांचा, पालेभाज्यांचा. आमच्याकडे कुठला? मी बेकरीतले उरलेले केक आणायचे, आई ते चहात बुडवून खायची आणि दोघी तुझ्या कडधान्यांच्या वाडग्याला हसायचो. गुरासारखं काय चरतोस, म्हणायची. तू भिजवलेले मूग तिनं पाहुण्यांदेखत मोरीत ओतले, त्या दिवशी तू गेलास तो गेलासच. तिचं चुकलंच होतं. ती कबूल करायची नाही, तू वाट बघू नकोस.

आता उपाय एकच उरलाय. निरोगी माणसाच्या शौचातले जंतू तिच्या आतड्यात सोडायचे. हसलास ना? मीही हसले, बऱ्याच दिवसांनी. लगेच तयारही झाले, तर तपासणीत माझीच साखर वाढलेली निघाली. शाळेत गटांगळ्या खाल्ल्या त्या खाल्ल्या, इथेही नापास!

तेव्हा राहिलास तू. जन्मात तुझ्याकडे काही मागितलं नाही आणि मागतेय तर हे. पण ये. तुझ्याही तपासण्या होतील. हल्ली अँटिबायोटिक्स घेतली असशील तर आधी फोन कर. साखर उतरेल असं डॉक्टरीणबाई म्हणत नाहीत, पण आई वाचेल अशी त्यांना आशा आहे. आईला मी सगळं सांगितलं, तुझं नावसुद्धा. वाटलं, भिंतीकडे तोंड करेल. तर ती हळूच म्हणाली, त्याला माझी किळस नाही ना येणार? मी नाही म्हणून सांगून टाकलंय. तुला न विचारता.

दमलेली, पण तुझीच,
ताई