धावपट्टीवरची पाटी

प्रिय अनुताई,

मोठ गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरची जुनी धावपट्टी तुला आठवत असेल. दसऱ्याला तिथे मोटारसायकलींच्या शर्यती व्हायच्या. आता तिथे पार्क झालं आहे. पाळणे, पाण्याची घसरगुंडी, आणि शर्यतीच्या वळणावर मुलांच्या छोट्या रेसगाड्या. मॅनेजर जयसिंगजी जुन्या शर्यतींची माहिती विचारत घरी आले. त्यांनी फोटो मागितला, मी दिला. वळणावर पाटी लागली. शेवटच्या शर्यतीचा विजेता म्हणून माझं नाव आणि तो फोटो.

फोटोत जॅकेट माझ्या अंगात आहे. ते तुझ्या घामाने ओलं होतं. शर्यत संपल्यावर, मी लपून थांबलो होतो त्या शेडमागे तू ते काढून दिलंस, हेल्मेट दिलंस, म्हणालीस, "जा, बाबा शोधतायत." मी गेलो. बाबांनी अख्खं ऑफिस बोलावलं होतं, मी तापाने पडलो होतो, बायकांना शर्यतीत प्रवेश नव्हता. दुसरा मार्गच नव्हता, असं आपण दोघं मानत आलो.

घरी आईने तबक तुझ्याच हाती दिलं. भावाला बहिणीने ओवाळायचं. क्लच दाबून तुझ्या तळहाताला फोड आले होते. ते दिसू नयेत म्हणून तू तबकाखाली पदर धरलास. मी मान वाकवून टिळा लावून घेतला.

रविवारी आभाला पार्कात नेलं. माझ्या सलीलची ही मुलगी नऊ वर्षांची झाली. मराठी सगळं समजतं, बोलते हिंदीच. पाटीवरचं माझं नाव तिने मोठ्याने वाचलं. मग गाडीत बसली, पट्टा लावला, आणि तिचे गुडघे थरथरू लागले. ती उतरली. रांगेतली मुलं हसली. परतताना खंडेराव गेटपाशी म्हणाली, "दादाजी, हमसे नहीं होगा. हम आपके जैसे नहीं हैं."

मी तिला कुल्फी घेऊन दिली. एवढंच केलं.

जॅकेटचं तिला सांगितलं असतं तरी ते अर्धंच झालं असतं. उरलेलं तुलाही ठाऊक नाही. त्या सकाळी तू माझ्या कपाळाला हात लावलास आणि म्हणालीस, पडून राहा. ताई, मला ताप नव्हता. तुझी पावलं ऐकू येईपर्यंत मी चहाचा गरम पेला कपाळाला धरून होतो. पांघरुणाखाली माझे गुडघे आभासारखेच थरथरत होते. जयसिंगजींना पाटी उतरवायला सांगितलं आहे. त्यांनी कारण विचारलं, तेही सांगितलं. नव्या पाटीवर तुझं नाव हवं की नको, ते तू ठरव. तुझं उत्तर आलं की मग आभाला सांगावं, असा विचार होता. तीही पळवाटच झाली असती. पाकीट बंद करण्याआधी हे पत्र तिला वाचून दाखवतो आहे. ती समोर येऊन बसली आहे.

तुझाच,
श्रीकृष्ण