जवसाचं पोटीस

लातूर, ६ फेब्रुवारी

सौ. सिंधुताई विहीणबाईंना गुरम्माचे शरणु शरणार्थी.

मंजुश्री बरी आहे. आज चार घास भात खाल्ला. लघवीची नळी काढली, आता आपसूक झाली. बाळाचे ठोके डॉक्टरबाईंनी सकाळीच ऐकवले. आमचा वीरेश उद्या मुदखेडला येतोय, त्याच्या हाती हे पत्र देते. फोन दोनदा हातात घेतला नि ठेवला, धीर होईना.

काल तुम्ही दवाखान्यात आलात, तर मी नुसतं चहाचं विचारत बसले. बोलायचं ते राहूनच गेलं.

मोरीचा कठडा ओलांडताना तिचा पाय सरकला आणि एक पाय आत, एक बाहेर अशी ती कठड्यावरच आदळली, एवढं तुम्हाला ठाऊक आहे. पोटाला लागलं नाही म्हणून मी निश्चिंत. तासाभराने ती दबकत म्हणाली, "आत्या, खाली लई ठणकून राहिलंय. सुजलंय बी." मी पाहिलं. एका बाजूला लिंबाएवढी काळीनिळी गाठ. मार लागून गळू धरलंय, मी ठरवूनच टाकलं. आमच्या गल्लीत कुणाला गळू झालं की बाया माझ्याकडेच येतात, ताई. तो तोरा कुठं जाणार? जवस वाटून, शिजवून गरमागरम पोटीस बांधलं. एकदा नाही, तीनदा. वीरेश म्हणाला, "अव्वा, दवाखान्यात दाखवू." मी म्हटलं, "त्या जागेचं काय दाखवतो रे? गप बस."

संध्याकाळपर्यंत गाठ मुठीएवढी झाली, लघवी अडली, पोर पांढरीफटक पडली. तेव्हा कुठं रिक्षा बोलावली.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "हे गळू नाही. आत शीर फुटून रक्त साकळलंय. गरोदरपणात तिथल्या शिरा आधीच भरलेल्या असतात. लगेच बर्फ लावून आणलं असतं तर कदाचित चिरावंही लागलं नसतं. गरम शेक कुणी दिला?"

मी तिच्या अंगावरची चादर नीट करू लागले. मंजुश्री म्हणाली, "मीच घेतला. गरम पाण्याची पिशवी."

मग चिरून रक्ताच्या गुठळ्या काढल्या, वाहती शीर बांधली, दोन पिशव्या रक्त चढवलं. मी बाहेर नुसत्या येरझारा घालत होते.

आणि काल तुम्ही तिला म्हणालात, "बी.एस्सी. होऊन एवढी अक्कल न्हाई? बाळाच्या जिवावर उठलीस?" तिने मान खाली घातली. मी शेजारीच उभी होते. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, मला ओशाळं वाटू नये म्हणून. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही.

डॉक्टरांनी सोडलं की तुम्ही तिला बाळंतपणाला न्याल. परत पाठवायची की नाही, तुम्ही ठरवा. माझ्यावर तोंड सोडा, मी ऐकून घेईन. पण हे वाचल्याबरोबर आधी तिला फोन करा. तुझी चूक नव्हती, एवढं सांगा. मी सांगायला गेले तर ती म्हणेल, "जाऊ द्या आत्या." आणि मी जाऊ देईन. माझा स्वभाव मला ठाऊक आहे.

तुमच्या लेकीच्या खोट्याआड लपलेली,
गुरम्मा