मैल्याच्या टँकरवरचा हंस

३ मार्च
काम फत्ते! मामा जेवून घोरत होता, तेवढ्यात त्याच्या टँकरवर सोनेरी हंस काढला. तोच — जगभर मिरवणाऱ्या त्या महागड्या घड्याळांवरचा. आणि टँकर कसला? संडासाच्या टाक्या उपसायचा! मामा उठला, बघितलं, चप्पल काढली... मग स्वतःच पोट धरून हसला. ‘राहू दे रे माकडा!’

१० मार्च
फोनवर फोन. ‘हंसवाले का? आमची टाकी तुंबलीय.’ मामा खूश. माझी कॉलर टाइट.

१८ मार्च
मेलो! घड्याळ कंपनीची वकीलबाई दारात. मनगटावर हंसाचंच घड्याळ. ‘हंस पुसा. नाहीतर कोर्टातून टँकर जप्त करवू.’
मामा तडकला — ‘बाई, घड्याळ समजून कुणी माझ्याकडून मैला नेलाय का?’
‘कुणी फसलं असं मी म्हणतच नाही. पण हंस दिसला की लोकांना आमचं घड्याळच आठवायला हवं. तुमचं गटार आठवायला लागलं की आमचं नाव पातळ होतं.’
‘पातळ व्हायला ते काय दूध आहे?’
मी फिसकन हसलो. मामी नाही हसली. एकच टँकर आमचा. तो गेला तर चूल बंद.

२० मार्च
आमचे वकीलकाका म्हणाले, ‘लढू. हंस बघून लोकांना तुझा टँकर आठवतो, हे आधी त्यांनाच कोर्टात सिद्ध करावं लागेल. बाई परवा परत येणार. कुणी तोंड उघडायचं नाही!’
मामा हट्टाला पेटलाय. हंस काढला कुणी? मीच ना!

२२ मार्च
बाई आली. सगळे चिडीचूप. मामाची चिमी — चार वर्षांची — तिला जाऊन चिकटली. मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि नाक दाबलं. ‘ईऽऽ! बाबांचा शीचा हंस!’
खल्लास. वकीलकाकांनी डोळेच मिटले. बाई हसली नाही, ओरडलीही नाही. नुसती बाही खाली ओढली.
‘पुसता ना?’
मामाने मान डोलावली. वर बघितलंच नाही.

२३ मार्च
थिनर लावून हंस खरवडला. चोच निघता निघेना. बोटं सोलली.

२४ मार्च
बाई खात्री करायला आली. कोरा टँकर बघून म्हणाली, ‘मिटलं.’ मामीचा जीव भांड्यात पडला. मला कुठलं राहवतंय — ‘मॅडम, वाजले किती?’
तिने पर्समधून मोबाइल काढला.
मनगट रिकामं!