अनोंदणीकृत गायक क्रमांक नऊ

दिनांक : २७ सप्टेंबर

प्रति,
मा. परवाना व तपासणी अधिकारी,
सार्वजनिक सभागृहे व करमणूक विभाग,
दुसरा मजला, खिडकी क्र. ४ (तिथून खिडकी क्र. ७ आणि पुन्हा खिडकी क्र. ४)

विषय : धर्मादाय कार्यक्रम चौदा मिनिटे लांबला म्हणून सीलबंद केलेली खोली उघडून मिळणेबाबत, तसेच अनोंदणीकृत गायक क्र. ९ यांचे नाव यादीतून न वगळणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाने दिलेला दि. ४ सप्टेंबरचा परवाना, सायं. ५ ते ७.
२) आपलीच दि. ७ सप्टेंबरची नोटीस.
३) मी स्वतः, खिडकीवर एकूण सहा वेळा.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंती की, मी शेजार मंडळाची चिटणीस असून आमचे मंडळ गेली पाच वर्षे सभागृहाच्या मागच्या बाजूची एक खोली चालवते. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर ज्यांची वाचा गेली, अशी नऊ माणसे तिथे मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. एक तरुण वाचा-उपचारक मुलगी त्यांना गाण्याच्या चालीवर शब्द परत शिकवते. आम्ही सगळे तिला वाचाताई म्हणतो. बोलता न येणाऱ्या माणसाला कधी कधी गाता येते, हे आम्हाला तिनेच सांगितले. माझा जन्म कीर्तने ऐकण्यात गेला, त्यामुळे मला ते पटवून द्यावे लागले नाही. खोलीत एक मोठा आरसा आहे, चित्रांची पाकिटे आहेत आणि भिंतीवर लिफ्टच्या बटणांची एक जुनी पट्टी लावली आहे. ती पट्टी माझ्या यजमानांसाठी. त्यांनी एकतीस वर्षे लिफ्ट दुरुस्त केल्या. गेल्या ऑक्टोबरात झटका आला, तेव्हापासून ते घरात "हं" एवढेच म्हणत. कार्यक्रम या खोलीसाठी होता : आवाज टिपणारे एक यंत्र आणि हाताच्या दोन खुर्च्या घेण्यासाठी. सभागृहाबरोबर त्याच खोलीलाही आपण ६ तारखेपासून कुलूप लावून त्यावर लाल लाखेचे सील केले आहे. सील फारच सुबक आहे. करणाऱ्याचा हात बसलेला दिसतो.

आता नोटिशीतील आरोपांकडे वळते.

१. "परवान्यात कीर्तन असे नमूद असताना प्रत्यक्षात रॉक संगीत झाल्याचे आढळले." आपल्या अर्जाच्या नमुन्यात कार्यक्रमाचे तीनच प्रकार छापलेले आहेत : सभा, विवाह, अन्य. मी 'अन्य' समोर 'कीर्तन' लिहिले आणि ते झालेही. आमच्या मंडळाच्या कीर्तनकार बाई निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांनी सव्वा तासात पूर्वरंग आटोपला. सव्वासहाला सभागृहाचे मागचे दार उघडले आणि काळे चामडे नेसलेली, खांद्यापर्यंत केस वाढवलेली चार माणसे वाद्ये घेऊन आत आली. गिटारवाले दोन, ढोलवाला एक आणि मुख्य गायक एक (यापुढे सोयीसाठी यांना 'बुवा' म्हटले आहे). पुढच्या रांगेतल्या कुणाच्या तरी नातीने किंकाळी फोडली, त्यावरून ते फार प्रसिद्ध असल्याचे आम्हाला कळले. कीर्तनात एक रीत आहे. हातात वाद्य घेऊन जो येईल, त्याला कोण, कुठला असे विचारत नाहीत, सरकून जागा देतात. बाईंनी पेटी बाजूला ओढली आणि म्हणाल्या, "या, साथीला बसा." त्यांनी ढोलांची सगळी उतरंड लावायला घेतली तरी बाई सरकतच राहिल्या.

पुढे जे झाले त्यात एक माणूस उभा राहून मधे गोष्ट सांगत होता, मधे गात होता, बाकीचे साथ करत होते, एकच ओळ पुन्हा पुन्हा घोळवली जात होती आणि शेवटी अख्खे सभागृह ती ओळ म्हणत होते. याला आपल्या कार्यालयात काय म्हणतात ते मला ठाऊक नाही. आमच्याकडे याला उत्तररंग म्हणतात. फरक म्हणाल तर विजेचा होता.

२. "अनपेक्षित पाहुण्यांची सूचना विहित नमुन्यात पंधरा दिवस आधी देणे बंधनकारक आहे." हा नियम वाचून मला आपल्या कार्यालयाविषयी मनापासून आदर वाटला. अनपेक्षिताला तारीख घालून देणारे खाते जगात दुसरे नसेल. नमुन्यात एक रकाना वाढवावा अशी नम्र सूचना आहे : 'पाहुणे अनपेक्षित असल्याची आयोजकांना पूर्वकल्पना आहे काय? होय / नाही.' वस्तुस्थिती अशी की वाचाताईने कुणाला न सांगता या मंडळींना एक पत्र टाकले होते. त्यांनी उत्तर दिले नव्हते. त्यामुळे तीही आमच्याइतकीच आ वासून उभी होती.

पत्र का टाकले, तेही सांगते. ती प्रत्येकाच्या घरच्यांना विचारते की पूर्वी हे काय गुणगुणायचे. मी तिला लिफ्टची हकीकत सांगितली होती. नऊ वर्षांपूर्वी एका उंच इमारतीत ही चार माणसे वाद्यांसकट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या मधे अडकली. सुटा भाग यायला पावणेदोन तास होते आणि ढोलवाल्याला बंद जागेत श्वास घेववत नाही. यजमान चौथ्या मजल्यावर लिफ्टच्या उघड्या तोंडाशी पाय सोडून बसले आणि कीर्तनातल्या चालीवर, स्वतः जुळवलेली एक ओळ त्या काळोखात पावणेदोन तास म्हणत राहिले :

धीर धर गड्या, दार उघडेल, पाना माझ्या हाती आहे.

खालून पहिल्यांदा शिव्या आल्या, मग साथ आली. घरी येऊन ते मला एवढेच म्हणाले की आज चार टाळकरी मिळाले, पण बेसूर. तेव्हापासून कुठल्याही लिफ्टमध्ये शिरताना आपण ही ओळ म्हणतो, असे बुवांनी त्या दिवशी व्यासपीठावरून सांगितले. मग त्यांनी ती ओळ गायला घेतली. पहिल्या रांगेत व्हीलचेअरवर बसलेल्या माझ्या माणसाकडे बघून.

३. "कार्यक्रम ७.०० ऐवजी ७.१४ पर्यंत चालू होता." इथे चूक माझी आहे आणि ती मी कबूल करते. व्यासपीठावर पायताण चालत नाही, असे मी पायरीशी उभी राहून या मंडळींना सांगितले. बुवा म्हणाले, "मावशी, हे बूट आहेत." मी म्हटले, दिसतायत. त्यांनी मुकाट्याने बूट काढले. ते गुडघ्यापर्यंतचे होते आणि एकेका बुटाला नाडीची एकोणीस भोके होती. आठ बूट काढायला अकरा मिनिटे लागली. प्रेक्षक शांत बसून होते, कीर्तनकार बाईंनी तेवढ्यात एक दृष्टांत उरकला. सहा एकोणसाठला मी घड्याळाकडे बोट दाखवले आणि सात वाजता वाद्ये थांबली. नंतरची चौदा मिनिटे हे चौघे पायरीवर बसून नाड्या बांधत होते. नाडी बांधणे हा करमणुकीचा प्रकार असल्यास तसा नियम दाखवावा, पुढच्या वेळी तिकीट लावू.

मात्र त्या चौदा मिनिटांत गाणे चालू होते, हे आपल्या निरीक्षकांचे म्हणणे खरे आहे. वाद्ये थांबली तरी पहिल्या रांगेतली आमच्या खोलीची नऊ माणसे थांबली नाहीत. निरीक्षक साहेब आग विझवण्याची नळकांडी मोजायला आले होते आणि पावणेसातपासून दाराशी उभे होते. त्यांचा डावा पाय पूर्ण वेळ ताल धरून होता. अहवालात त्याची नोंद नाही. विस्मरण होते माणसाला. ७.१४ ला ते वही काढून पुढे आले आणि गाणाऱ्यांना नावे विचारू लागले. पहिल्या तिघांनी हसून पाहिले. चौथ्यांनी नाव 'मंगळवार' असे सांगितले. यात उद्धटपणा नव्हता, त्यांना सध्या तो एकच शब्द येतो. म्हणून साहेबांनी नावांऐवजी आकडे घातले : अनोंदणीकृत गायक क्र. १ ते ९. नववे माझे यजमान. त्यांना शेवटचा आकडा मिळाला, कारण वही मिटली तरी ते गातच होते.

महोदय, अकरा महिन्यांत मी त्यांच्या तोंडून "हं" सोडून काही ऐकले नव्हते. त्या संध्याकाळी ते ओळीतले नऊच्या नऊ शब्द म्हणाले. माझ्या शेजारी वाचाताई रडत होती आणि मी तिला गप्प बस म्हणत होते, कारण मला ऐकू येत नव्हते.

४. "क्र. १ ते ९ यांनी दि. १२ ऑक्टोबर रोजी समक्ष हजर राहून तोंडी खुलासा करावा. तोंडी खुलासा न केल्यास त्यांचे काही म्हणणे नाही असे समजण्यात येईल." हे वाक्य मी खोलीतल्या सगळ्यांच्या घरी जाऊन वाचून दाखवले. म्हणणे आहे पण म्हणता येत नाही, यावर उपचार करणारी खोली बंद करून तिथल्याच माणसांना तोंडी खुलाशाला बोलावणे, ही कल्पना सुचायला मोठा अनुभव लागतो. लेखी चालेल का, म्हणून मी खिडकी क्र. ४ वर विचारले. यजमानांचा उजवा हातही गेला आहे, तरी मी लिहीन म्हटले. तिथल्या कारकुनांनी नमुना उलटसुलट पाहिला आणि कनवाळूपणे सांगितले, "बाई, इथं 'तोंडी' छापलंय. मी काय करू?" खरेच आहे, छापलेल्यापुढे ते तरी काय करणार. सील काढण्याबद्दल त्यांनी खिडकी क्र. ७ कडे पाठवले. तिथे कळले की सील काढण्याचा अर्ज सील लावणाऱ्याच्या शिफारशीने येतो आणि सील लावणारे साहेब रजेवर आहेत. कुठे गेलेत म्हणून विचारले, तर गाण्याच्या कार्यक्रमाला परगावी.

५. सध्या आम्ही शेजारच्या लाँड्रीत जमतो. लाँड्रीवाले भले गृहस्थ, एक अख्खे बाक मोकळे करून दिले आहे. पण कपडे पिळणारी यंत्रे सुरू झाली की वाचाताईला ओरडावे लागते, आणि ती ओरडली की ज्यांना शब्द सापडत असतो त्यांचा तो पळतो. चारजण यायचे थांबले. 'मंगळवार' म्हणणारे गृहस्थ दर मंगळवारी सील लावलेल्या दारासमोर येऊन उभे राहतात. त्यांना वार कळतो, आपली नोटीस कळत नाही.

यजमानांचे सांगायचे तर कार्यक्रमानंतरचे दोन दिवस ते सगळे काही याच ओळीत मागत होते. पाणी, चष्मा, खिडकी लाव, सगळ्याला "धीर धर गड्या". मी वैतागले असते तर बरे झाले असते, पण मी दर वेळी उठून नाचतच गेले. मग कुलूप पडले. सराव तुटला तसे शब्द मागून एकेक गळाले. आधी 'आहे' गेले, होता होता पानाही गेला. वाचाताई म्हणाली, "काकू, आत्ताच धागा हाताला लागलाय. हा सुटला तर परत कधी सापडेल, मी सांगू शकत नाही." हे आपल्या माहितीसाठी. यावर कुठला नियम लागू होतो ते मला ठाऊक नाही.

तरी माझ्या विनंत्या पुढीलप्रमाणे आहेत.

पहिली, सुनावणीची वाट न पाहता खोलीचे सील काढावे. सभागृह हवे तितके दिवस बंद ठेवा, आमची कीर्तने आम्ही जिन्यात करू. खोली तेवढी उघडा.

दुसरी, १२ ऑक्टोबरला क्र. ९ आपल्यासमोर हजर होतील आणि तोंडी खुलासा करतील. तो गाऊन केला जाईल, दुसरा मार्ग नाही. या गायनाची सूचना मी आज, बरोबर पंधरा दिवस आधी, देत आहे. वाद्य नसेल. पायात काही नसेल, त्यामुळे चौदा मिनिटे वाचतील. उरलेले आठजण मधेच साथीला आले तर तो प्रकार अनपेक्षित असेल, याचीही पूर्वसूचना याच अर्जाने द्यावी म्हणते. निरीक्षक साहेब उपस्थित राहिल्यास आनंद होईल. त्यांच्या पायाला ओळ पाठ आहे.

तिसरी विनंती महत्त्वाची. आपण दयाळू होऊन यादी रद्द करायची ठरवलीत, तर क्र. १ ते ८ खुशाल वगळा, त्यांच्या घरच्यांची तशी इच्छा असल्यास. क्र. ९ मात्र वगळू नये. इस्पितळाच्या कागदावर त्यांच्या नावापुढे 'वाचा नाही' असे लिहिले आहे. निवृत्तिवेतनाच्या कागदावर 'बोलण्यास असमर्थ' आहे. ते मोठ्या आवाजात, मुदत उलटून गेल्यावरही गात होते, असे सही-शिक्क्यानिशी सांगणारा कागद साऱ्या सरकारात एकटा आपला आहे. त्याची साक्षांकित प्रत मिळावी. भिंतीवर जागा केली आहे.

शेवटचे लिहिते. गेल्या गुरुवारपासून त्यांची ओळ चौथ्या शब्दावर अडते आहे. "धीर धर गड्या, दार" एवढे म्हणतात आणि माझ्याकडे बघत राहतात. पुढचा शब्द मी सांगायचा नाही, अशी वाचाताईची ताकीद आहे, म्हणून मी तोंड मिटून बसते. तो आपल्याकडून आला तर तिची हरकत नाही. मी विचारून घेतले आहे.

आपली नम्र, आणि हा अर्ज लाँड्रीच्या बाकावरून लिहिणारी,

(सही)
चिटणीस, शेजार मंडळ
अनोंदणीकृत गायक क्र. ९ यांची पत्नी

सोबत :
१) परवान्याची प्रत.
२) नोटिशीची प्रत. मूळ नोटीस मागू नये, देणार नाही.
३) बुटाची काळी नाडी, एक. ढोलवाले घाईत विसरून गेले. लांबी मोजून चौदा मिनिटांचा हिशेब आपणच पडताळावा. नाडी मात्र सांभाळून परत करावी. ती न्यायला येतो, असे त्यांनी मागाहून फोनवर यजमानांना सांगितले आहे, आणि यजमान वाट पाहतात.