तळहाताला विचारावं

प्रिय इशबेलताई,

मी ठणठणीत आहे, हे आधी वाच आणि मग चहा टाक.

डोंगरावरची हेदरची जुनी झुडपं जाळून झाली. आता कोवळे कोंब फुटतील, रानकोंबड्यांना खायला मिळेल. पावसामुळे यंदा उशीर झाला, त्यात वारा फिरला, पण झोडपून झोडपून आग विझवली. आमचा मुकादम मर्डो म्हणाला, "झालं रे, जाऊन झोप आता."

झोप कुठली? बाबा म्हणतात ना, आग विझली का ते डोळ्यांना विचारू नये, तळहाताला विचारावं. खालची पीटची, कुजक्या मुळापाल्याची माती पेटली, तर महिनोन्‌महिने आतल्या आत धुमसते. म्हणून रोज वर जाऊन जमीन चाचपतो. मर्डो हसतो, "काय डॉक्टर, डोंगराला ताप आहे का?"

बाबांचा खोकला कसा आहे? काळी मेंढी व्याली का?

आज जळालेल्या पट्ट्याच्या कडेला एका जागी हाताला ऊब लागली. तिथे लगेच खणायला हवं. पण हातभर अंतरावर रानकोंबडी अंड्यांवर बसली आहे. खणलं तर ती उठेल, आणि परत यायची नाही. कुदळ घेऊन नुसता उभा राहिलो आणि तसाच खाली आलो. हे टपालात टाकलं की पुन्हा वर जातो.

बाबांनी विचारलं, तर माती गार आहे म्हणून सांग.

तुझा धाकटा,
रॉरी