बुटक्या शेवंतीनं काढला पहिला नंबर

कसबा बावडा

अप्पा, तुम्हाला आणि अव्वाला इथूनच वाकून नमस्कार.

कोल्हापूरच्या फुलांच्या प्रदर्शनात माझ्या शेवंतीनं पहिला नंबर काढला!

वाढ रोखायचं औषध मी फवारलं, तेव्हा मी कामाला जाते त्या नर्सरीचे मालक ओरडले, "रोप खुरटवलंस की गं!" उसाची उंची बघत वाढलेला माणूस. पण पानं तेवढीच आली, फक्त पेरं आखूड झाली. खोड जाडजूड झालं आणि काठीच्या टेकूशिवाय कुंडी फुलांनी भरली. आता तेच मालक पेढे वाटतायत.

फवारताना तोंडाला फडकं बांधते. माझा खोकला आता कमी आहे. तुमचा गुडघा कसा आहे?

रविवारी मला बघायला येणारे पावणे माझी उंची विचारतीलच. अव्वानं यावेळी मान खाली घालायची नाही. सोबत पाठवलेली शेवंती त्यांच्यापुढं ठेवा. चहा नंतर.

तुमची,
प्रेरणा