सिलिकॉनचा खडा कोणी फोडला

प्रिय सर,

तुमच्या तेराव्याला काकूंनी तुमचा प्रयोगांचा पत्र्याचा डबा माझ्या हाती दिला. "घेऊन जा गो सुनंदा. तुलाच द्यायचा, असं हे सांगून गेलेत." काल रोह्याला घरी तो उघडला आणि आज शाळेला दांडी मारून लिहायला बसले आहे. रजेच्या अर्जात 'ताप' लिहिलंय. आधी माझा गुन्हा ऐका, मग तुमच्याकडे वळते.

पेणच्या शाळेतला नववीचा धातू-अधातूंचा तास आठवतो? तांब्याची तार हातोडीने ठोकली की चपटी व्हायची. कोळशाचा भुगा व्हायचा, गंधकाचाही. तुम्ही इतके रंगून ठोकायचात की शेजारच्या वर्गातल्या बाई दार लावून घ्यायच्या.

सिलिकॉनचा एकुलता एक खडा मात्र तुम्ही रुमालात धरून दाखवायचात. "हा धातुसदृश. चमकतो धातूसारखा, पण ठोकला तर कोळशासारखा फुटेल. हात कुणी लावायचा नाय."

सर, फुटेल म्हणायचं आणि फोडून दाखवायचं नाही, ही कुठली रीत? प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडे असायची. मधल्या सुट्टीत मी एकच घाव घातला. तुमचं म्हणणं खरं निघालं.

तुकडे मी कोळशाच्या बरणीत दडवले आणि रामवाडीतल्या लोहाराच्या भट्टीजवळचा एक काळा चकचकीत खडा आणून रुमालात ठेवला. दुसऱ्या दिवशी तुम्ही तो उजेडात धरलात, उलटासुलटा केलात, वर्गावरून नजर फिरवलीत आणि म्हणालात, "आजपासून याला हात लावला तरी चालेल." मला वाटलं, सरांचं मन मोठं झालं. चष्म्याचा नंबर वाढला असावा, असंही वाटलं.

पुढे मीही विज्ञानच शिकवायला लागले. दर गुरुपौर्णिमेला कबुली द्यायची म्हणून पेणला यायचे, काकूंच्या हातचे पोहे खायचे आणि 'तब्येतीला जपा' सांगून परत जायचे. आता सांगायचं ठरवलं तरी ऐकायला तुम्ही नाही. याचं फार वाईट वाटतं.

आणि डब्यात काय निघालं? एक काडेपेटी. आत माझेच तुकडे, कोळशाची पूड पुसून ठेवलेले. सोबत तुमच्या अक्षरातली चिठ्ठी : 'सिलिकॉन. ठिसूळ. प्रयोग करणारी : सुनंदा, नववी ब. निष्कर्ष बरोबर.'

म्हणजे पहिल्या दिवसापासून तुम्हाला ठाऊक होतं! आणि दर वर्षी मी कबुली पोह्यांबरोबर गिळत असताना "शेव वाढू का आणखी?" विचारत होतात? हा तुमचा गुन्हा. माझ्यापेक्षा मोठा आहे.

सोमवारी ती काडेपेटी माझ्या नववीच्या वर्गात फिरेल, चिठ्ठीसकट. माझं नाव झाकणार नाही. मग त्यातला सगळ्यात मोठा तुकडा टेबलावर ठेवीन, शेजारी तुमची हातोडी. किल्ली एखाद्या चौकस पोरीकडे देईन, 'हात कुणी लावायचा नाय' असं बजावीन आणि मधल्या सुट्टीत चहाला निघून जाईन. लवकर परत येणार नाही.

तुमची,
सुनंदा, नववी ब